बर्फाच्या समुद्रात संडास कुणी धुवायचा

आधी एक खुलासा. ज्यांना फक्त पांढरं अस्वल आणि निळा बर्फ वाचायचा आहे त्यांनी मधली तेवढी पानं वाचून हे खाली ठेवावं, माझी हरकत नाही. दोन्ही दिसले, दोन्हींचं वर्णन केलेलं आहे. पण परत आल्यापासून लोक मला जे विचारतात आणि मला जे सांगायचं आहे, त्यात अंतर पडत चाललं आहे. तोंडी सांगायला गेलं की कुणीतरी मध्येच "थंडी किती होती वो ताई?" विचारतं आणि मुद्दा तिथंच गारठतो. म्हणून लिहून काढते.

मी प्रज्ञा. आसेगावची, मंगरुळपीर तालुक्यातली. बाबा कारंज्याच्या डेपोत एसटी कंडक्टर होते, आता घरी असतात. आम्ही बौद्ध. पणजोबांच्या पिढीनं गावाची जुनी कामं सोडली ती सोडलीच. मी पाण्याच्या प्रश्नावर पत्रकं काढते, वाटते, भिंतीवर चिकटवते, कुणी फाडली की परत चिकटवते.

उत्तर युरोपातली एक संस्था उन्हाळ्यात एका छोट्या शिडाच्या जहाजावर निरनिराळ्या देशांतली, पाण्यासाठी काम करणारी माणसं नेते. बर्फ वितळताना डोळ्यांनी बघा, मग घरी जाऊन सांगा, असा त्यांचा विचार. आमच्या जिल्ह्यातून त्यांनी दोघांना बोलावलं. एक मी. दुसरे रिठदचे विक्रमदादा. मोठं वावर, शेततळी, इंग्रजी बोलणं झकास, आणि दारात गाळ काढायचं मोठं मशीन. तेच मशीन येत्या उन्हाळ्यात आसेगावच्या तळ्याला फुकट द्यायचं दादांनी कबूल केलं होतं. आमचं तळं गाळानं इतकं भरलंय की पावसाळ्यात म्हशीचे गुडघे बुडतात आणि संक्रांतीनंतर तेही बुडत नाहीत. गावानं त्या मशीनवर डोळे लावले होते. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात प्रत्येक वेळी ते मशीन माझ्या मानेवर बसलेलं होतं.

बंदर

स्वालबार्ड नावाच्या बेटांवर उतरलो आणि मी आधी झाड शोधलं. एकही नाही. गाव म्हणजे रंगीत लाकडी घरांच्या ओळी, जुन्या कोळसा-खाणींचे उभे खांब, आणि दुकानाच्या दारावर पाटी: बंदूक आत आणू नये. आपल्याकडं चपला बाहेर काढायला सांगतात, तिथं बंदुका. अस्वलांमुळं गावाबाहेर जाताना बंदूक जवळ ठेवावी लागते.

बंदरात आमचं जहाज शोधायला गेलो तर आधी दिसली पाण्यावर तरंगणारी एक मोठी पांढरी इमारत. पर्यटकांचं जहाज. गच्चीवर पोहायचा तलाव, त्यातून वाफा निघत होत्या. बर्फाच्या देशात गरम पाण्याचा तलाव घेऊन लोक बर्फ बघायला आलेले!

"पाह्य प्रज्ञा," विक्रमदादा म्हणाले, "आख्खं मंगरुळ बसते याच्यात."

"हाव, अन् वरून कारंज्याचा बाजार."

ते हसले. मला हसू येईना. त्या जहाजाच्या धुराड्यातून करडा धूर निघून समोरच्या डोंगरावर पसरत होता, आणि गच्चीवरची माणसं त्याच डोंगराचे फोटो काढत होती. बर्फ संपायच्या आत पाहून घ्यायचा म्हणे. आपल्याकडंही माणूस शेवटच्या घटका मोजत असला की लोक भेटायला जातात. पण जाताना त्याच्या उशाशी शेकोटी पेटवत नाहीत. मीही विमानानंच गेले होते, हे कुणी मला ऐकवायच्या आत मीच लिहिते. पण मी परत जाऊन उत्तर देणार होते. त्या तलावातल्या लोकांना कुणी काही विचारणारच नव्हतं.

त्याच दिवशी दादांनी माझे लोकरी हातमोजे पाहिले. आईनं कारंज्याच्या बाजारातून आणलेले, लाल. दादा दुकानात गेले आणि जाड, पाणी न शिरणारे हातमोजे घेऊन आले.

"घे. बोटं गळून पडली तं पत्रकं कायनं लिहशीन?"

पैसे द्यायला लागले तर रागावले. दादा असे आहेत. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचताना तुम्ही मनात एक मिशीवाला खलनायक उभा कराल. तसा माणूस असता तर मला हे लिहायची गरजच पडली नसती.

जहाजाचे नियम

आमचं जहाज लाकडाचं, पूर्वी मासेमारीचं, दोन डोलकाठ्यांचं. आमच्या एसटीपेक्षा जरासं लांब. कप्तान हेल्गा नावाची बाई, साठीच्या घरातली, चेहरा वाऱ्यानं भाजलेला, बोलणं कमी. मदतीला ओला नावाचा उंच गडी. बाकी आम्ही पाहुणे: मी, दादा, ढाक्याची, सिनेमे बघून हिंदी शिकलेली नर्स फरीदा, पेरू देशातला शिक्षक मिगेल, आणि डेन्मार्कचं एक नवरा-बायकोचं जोडपं.

हेल्गानं आम्हाला जहाज दाखवलं ते संडासापासून. शीड नाही, सुकाणू नाही, आधी संडास. कपाटाएवढी खोली. समुद्राचं पाणी हातपंपानं आत ओढायचं, पंपानंच घाण बाहेर ढकलायची, आणि मग भिंतीतला पितळी वॉल, म्हणजे पाइपाची झडप, बंद करायचा. तो उघडा राहिला तर समुद्र हळूहळू आत येतो.

"या जहाजावर नोकर नाहीत," ती म्हणाली. "ज्याची पाळी तो धुणार. मीही धुते."

आणि तिनं जिन्याजवळची फळी दाखवली. फळीवर कामांची चित्रं: सुकाणू, बर्फाचा पहारा, स्वयंपाक, भांडी, संडास. प्रत्येक चित्राखाली खुंटी, खुंटीवर नावाची लाकडी चकती; शेवटच्या तीन खुंट्या सुट्टीच्या. रोज सकाळी चकत्या एकेक घर पुढं सरकणार. मला ती फळी फार आवडली. कप्तानाची चकती संडासाखाली लटकलेली मी पहिल्याच दिवशी पाहिली आणि मनात म्हटलं, हीच फळी आपल्याकडं प्रत्येक शाळेत, प्रत्येक कचेरीत लावली पाहिजे.

भांडी समुद्राच्या पाण्यानं घासायची आणि शेवटी सगळ्यांवर मिळून मगभर गोड पाणी फिरवायचं. ते ऐकून मिगेलचा चेहरा पडला. मला हसू आलं. आमच्या घरी मे महिन्यात हेच चालतं, फक्त समुद्र नसतो. डेन्मार्कच्या बाई टॉवेलनं ताट पुसता पुसता म्हणाल्या, "किती सुंदर आहे हे साधं जीवन!" दहा-पंधरा दिवस केलं की साधं जीवन. जन्मभर केलं की मागासलेपण. मी त्यांना तसं इंग्रजीत सांगितलं. त्यानंतर त्या ताटं नीट पुसू लागल्या.

समुद्राचं पाणी काढताना माझ्या हातून बादली गेली. जहाज चालत असताना विहिरीत सोडावी तशी मी ती सरळ खाली सोडली. दोराला असा हिसका बसला की मीच पाण्यात जायची. ओलानं कॉलर धरून मागं ओढलं. बादली लाटांवर तोंड वर करून उत्तरेला निघून गेली. "ती आपल्या आधी पोहोचेल," ओला म्हणाला. हेल्गानं दुसरी बादली हातात दिली आणि इतकंच म्हणाली, "आता ही शेवटची."

खुल्या समुद्रात शिरलो आणि मला जे लागलं ते लागलं. पोटातलं सगळं वर. दादांनी माझं डोकं धरलं, लिंबू हुंगायला दिलं, "अवं, कारंजा ते आसेगाव एसटीत नाई होत का तुले असं?" म्हणून हसवलं. बादली मात्र फरीदानं धुतली. तेव्हा मला त्यात काहीच दिसलं नाही.

हिमनदीच्या तोंडाशी

आता निसर्ग.

तिथं उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. तो आभाळात आडवा फिरत राहतो, दोर बांधलेल्या बैलासारखा. झोपायचं तर खिडकीवर टॉवेल अडकवायचा. किनाऱ्यावर एक फूल पाहिलं, ज्वारीच्या दाण्याएवढं, जांभळं, दगडाला बिलगलेलं. त्याच्याभोवती आम्ही सगळे गुडघ्यांवर बसलो आणि ओला बंदूक घेऊन आमच्याकडं पाठ करून अस्वलाचा पहारा देत उभा. एका फुलासाठी इतका बंदोबस्त मी पहिल्यांदाच पाहिला.

अस्वल जहाजावरूनच दिसलं. पांढरं नव्हतं, जुन्या धोतरासारखं पिवळट होतं. किनाऱ्यानं चालत होतं, मध्येच थांबून दगडांत नाक घालत होतं. आणि त्याच दगडांत प्लॅस्टिक होतं. मासेमारीच्या जाळ्यांचे तुकडे, तेलाचे डबे, चपला. जिथं एकही माणूस राहत नाही तिथं माणसाच्या चपला! अस्वल निघून गेल्यावर आम्ही उतरलो आणि जमेल तेवढ्या गोण्या भरल्या. सगळे फार समाधानी दिसत होते. मी नव्हते. कारखान्यांतून नदीसारखं वाहणारं प्लॅस्टिक आम्ही आठ माणसं गोणीत भरतोय आणि त्याचे फोटो निघतायत.

हिमनदी पाहिली तेव्हा मात्र माझं तोंड बंद झालं. डोंगरांच्या मधून उतरलेली बर्फाची भिंत, गाभ्यात निळी, मोरचुदासारखी निळी. पाण्यात बर्फाचे तुकडे तरंगत होते आणि सगळ्या खाडीतून तडतड आवाज येत होता, तव्यावर लाह्या फुटाव्यात तसा. बर्फात अडकलेली जुनी हवा सुटते त्याचा तो आवाज. मग भिंतीचा एक भाग, आमच्या गावच्या शाळेएवढा, हळूच वाकला आणि पाण्यात बसला. आवाज नंतर आला.

हेल्गानं आम्हाला सुकाणूपाशी बोलावून नकाशाचा पडदा दाखवला. पडद्यावर आमचं जहाज बर्फाच्या आत होतं, भिंतीच्या बरंच मागं. नकाशा चुकीचा नव्हता, जुना होता. जिथं आम्ही नांगर टाकला तिथं नकाशा काढताना बर्फ होता.

"आपल्याकडं बी असंच हाय," मी दादांना म्हटलं. "कागदावर तळं, जागेवर गाळ."

"होईन ना तुह्या तळ्याचं. मशीन देतो म्हनलं ना," दादा म्हणाले आणि माझ्या डोक्यावर टपली मारली.

फळी

दादांची संडासाची पाळी पहिल्यांदा आली तेव्हा ते सकाळी माझ्या शेजारी येऊन बसले.

"प्रज्ञा, आज मले कसंतरीच होऊन राह्यलं. माह्याऐवजी तू करतं का? तुह्या वाट्याचा सयपाक मी करतो."

माझी चकती त्या दिवशी स्वयंपाकाखाली होती. मी हो म्हटलं. आजारी माणसाला नाही कसं म्हणायचं? संडास धुतला, वॉल बंद केला. दादांनी बेसनाचा झुणका केला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादांचा हात खरंच चांगला आहे. मी आईनं दिलेली जवसाची चटणी डब्यातून काढली. सगळ्यांनी घेतली. हेल्गानं तर भाकरीसारख्या त्या कडक पावावर लोण्यासारखी थापून खाल्ली. दादांनी डबा पुढं सरकवला.

"मले जवस सोसत नाई. पित्त होते."

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला जवस सोसत नाही, हे मी पहिल्यांदा ऐकलं. पण असेल बुवा, म्हणून सोडून दिलं.

काही दिवसांनी सकाळी उठून फळीपाशी गेले तर माझी चकती परत संडासाखाली. स्वयंपाकाखाली दादांची. मी बोटानं मागं मोजत गेले, हिशोब लागेना. तेवढ्यात फरीदा केस विंचरत आली.

"तू कब पकाएगी, प्रज्ञा? सबने पकाया, एक तूने नहीं। वो चटनीवाला खाना खिला ना।"

आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. मी एवढे दिवस या जहाजावर आहे आणि चुलीला हात लावलेला नाही. दोन्ही वेळा बदल झाला तो याच दोन कामांत. सुकाणू नाही, भांडी नाही, पहारा नाही. नॉर्वेच्या ओलाच्या हातचा मासा दादांनी खाल्ला. फरीदाच्या हातची खिचडी तर दोनदा वाढून घेतली. जगातल्या सगळ्यांच्या हातचं चाललं, आसेगावच्या पोरीच्या हातचं तेवढं राहून गेलं.

दादा डेकवर दोर गुंडाळत होते. मी सरळ विचारलं.

"दादा, माही चकती तुमी हलवली?"

"हाव. सांगनारच होतो तुले. मी करतो ना सयपाक."

"आज तब्येत खराब हाय का?"

"नाई, तसं नाई." ते हसले. "अवं, मी घरी कधी केलं नाई हे काम. बाई येते आमच्याकडं. तुले सवय असन, तुले जमते पटकन."

"कायची सवय, दादा?"

"म्हंजे..."

ते गुंडाळलेला दोर सोडून परत गुंडाळू लागले.

"माहे बाबा कंडक्टर होते," मी म्हटलं. "आई शिवणकाम करते. आमच्या घरचा संडास आमी पाळीनं धुतो, बाबा बी धुतात. दुसऱ्याचा मी पयल्यांदा धुतला तो या जहाजावर. मंग सवय कायची? कोनं सांगितलं तुमाले मले सवय हाय म्हनून?"

"राग कायले करतं? माह्या मनात तसं काहीच नाई. तुले बहिणीसारखी मानतो मी."

"बहिणीच्या हातचं खाता ना?"

दादांचा चेहरा उतरला. खरं सांगते, मला वाटतं तोवर त्यांनी स्वतःलाच हा प्रश्न विचारलेला नव्हता. पण मला त्याचं कौतुक नाही. ज्याच्यावर बीतते त्याला तो लहानपणापासून रोज विचारावा लागतो. यांना आर्क्टिकपर्यंत यावं लागलं.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "हे पाह्य, या गोऱ्या लोकांसमोर नको काढू. आपल्या देशाची बदनामी होते. अन् उन्हाळ्यात तळ्याले मशीन पाठवतोच हाय ना मी? मंग?"

त्या "मंग?"नं मला जेवढी थंडी वाजली तेवढी त्या अख्ख्या समुद्रात वाजली नव्हती.

नांगर

मी तक्रार केली नाही. हेल्गानंच पाहिलं. चहा घेऊन ती फळीपाशी आली, थांबली आणि म्हणाली, "चकत्या कुणी हलवल्या? चकत्या फक्त मी हलवते."

सगळे तिथंच नाश्त्याला बसलेले. दादा इंग्रजीत म्हणाले, "मी. आम्ही एकाच भागातले आहोत. आमचं आपसात ठरलेलं आहे."

हेल्गा माझ्याकडं वळली. "ठरलेलं आहे?"

एवढा साधा प्रश्न. हो म्हटलं तर संडास पाच मिनिटांचा आणि तळं सगळ्या गावाचं. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या शेजारची सुमनमावशी आली, डोक्यावर हंडा घेऊन चिखलातून जाणारी. हेल्गाचाही मला राग आला. असा प्रश्न चारचौघांत विचारतात? तिला काय माहीत या प्रश्नाचं वजन किती.

"नाही," मी म्हटलं. "माझं काही ठरलेलं नाही."

हेल्गानं चकत्या परत जागेवर लावल्या. "मग विक्रम धुणार. ते झालं की नांगर उचलू."

दादा उठून डेकवर गेले आणि आमच्याकडं पाठ करून बसले. आम्ही त्या दिवशी पुढच्या बेटावर सुळेवाले वॉलरस बघायला जाणार होतो. ओला लांब काठी घेऊन जहाजाकडं येणारे बर्फाचे तुकडे ढकलत होता. वारा फिरला होता, तुकडे वाढत होते. हेल्गा मोजा विणत बसली.

आता बघा माणसं कशी असतात. थोड्या वेळानं कुणी दादांकडं बघेना. सगळे माझ्याकडं बघू लागले. मिगेल, जो स्वतःच्या देशात खाणींविरुद्ध लढतो, माझ्याजवळ येऊन म्हणाला, "पाच मिनिटांचं काम आहे. तू मोठ्या मनाची आहेस." डेन्मार्कच्या बाईंनी घड्याळ पाहिलं. अन्याय करणारा पाठ करून बसला की वाट अडवणारी बाई कोण? तर जिच्यावर अन्याय झाला ती. वाशीम असो की उत्तर ध्रुव, हिशोब हाच.

"मन मोठं करायचं तर त्यांना सांग," मी म्हटलं. "त्यांच्या मनाचं दार बंद आहे, माझं नाही."

फरीदा एकटीच माझ्या बाजूला येऊन बसली. ती म्हणाली, मी धुऊन टाकते, भांडण मिटेल. हेल्गा विणता विणता म्हणाली, "तुझी पाळी नाही."

ओलानं एक मोठा तुकडा ढकलला, जहाज कुरकुरलं. त्या आवाजानं की कशानं, दादा उठले. कुणाकडं न बघता खाली गेले. आम्ही दार लागलेलं ऐकलं. मग आतून हाक:

"प्रज्ञा!"

"हां दादा?"

"हा वॉल कोन्या बाजूनं फिरवाचा?"

"उजवीकडं. पयले पंप हाना."

"पंप हालूनच नाई राह्यला."

"खालचा दांडा मांगं ओढा. मंग हालते."

"कोनता दांडा वं? अंधार हाय भल्ला इथं."

"लाईट लावा ना दादा!"

फरीदाला मराठी येत नाही, पण ती तोंडात ओढणी कोंबून हसत होती. मी दाराबाहेर उभी राहून एकेक गोष्ट सांगितली. आत गेले नाही. ब्रश, व्हिनेगर, फरशी, कागदाचा डबा, वॉल. दादा बाहेर आले तेव्हा कोपरापर्यंत ओले होते. हेल्गा आत डोकावली, म्हणाली, "कोपरे राहिलेत." ते परत आत गेले.

नांगर उचलला. माझी चकती स्वयंपाकाखाली होती. मी पिठलं केलं, भात केला, चटणीचा डबा मध्ये ठेवला. दादांनी ताट वाढून घेतलं, पिठलं-भात खाल्ला, मान खाली घालून. चटणी घेतली नाही. मी आग्रह केला नाही. जेवणाचं आमंत्रण नव्हतं ते, पाळी होती.

उतरायच्या आदल्या दिवशी हेल्गा कॅमेरा घेऊन आली. मी फरीदाला सगळं सांगितलं होतं, तिच्याकडून हिला कळलं होतं. म्हणाली, ही फार ताकदीची गोष्ट आहे, तू आमच्या संस्थेच्या फिल्मसाठी बोल. मी नाही म्हटलं. माझा अपमान म्हणजे त्यांच्या हिमनदीसमोरचं दृश्य नाही. मी बोलेन ते माझ्या लोकांत बोलेन, जिथं त्याची किंमत द्यावी लागते. तिला वाईट वाटलं. वाटू दे.

कारंजा

फेब्रुवारीत कारंज्याला आमचा दोघांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, मागं बर्फाचा मोठा फोटो. आसेगावहून सुमनमावशीसह पंधरा-वीस बाया एसटीनं आल्या होत्या, मशीन कधी येणार ते ऐकायला.

दादा आधी बोलले. छान बोलले. बर्फाचं सांगितलं, नकाशाचं सांगितलं, आणि मग म्हणाले, "मित्रहो, त्या जहाजावर लहानमोठं कोनी नव्हतं. तुमाले खोटं वाटीन, पन मी सोता, या हातानं, संडास धुतला!"

सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. त्याच टाळ्यांत दादांनी जाहीर केलं, "आसेगावच्या तळ्याले मशीन मी देतो!" परत टाळ्या. माझ्या बायाही टाळ्या वाजवत होत्या.

मग माईक माझ्या हातात आला. दादांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत धमकी नव्हती, विनंती होती, आणि मला तीच जास्त लागली.

मी म्हटलं, "दादांनी संडास एकदा धुतला. त्याच्या आधीच्या त्यांच्या पाळीला तो मी धुतला. ज्या पाळीला त्यांनी धुतला तीही माझ्यावर यावी म्हणून त्यांनी आधी माझी चकती हलवली, कारण मला सवय असेल असं त्यांना वाटलं. मी पोळ्या लाटू नयेत, भात शिजवू नये, हेही त्यांना वाटलं. त्यांनी एकदा धुतला तर तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी धुतला तेव्हा कुणी वाजवल्या नाहीत, आत्ताही वाजवू नका. फक्त घरी जाऊन बघा, तुमच्या घरचा कोण धुतं आणि त्याच्या हातचं पाणी तुम्ही पिता का."

कुणीही वाजवल्या नाहीत. आभाराचं भाषण करायला उभा राहिलेला माणूस आभार न मानताच बसला.

परतीच्या एसटीत शेलूबाजार मागं पडलं तेव्हा सुमनमावशीनं तोंड उघडलं.

"काहून बोलली वं तू? दोन महिने थांबली असती. गाळ निघाला असता, मंग बोलाचं होतं."

"मावशी, मंग मी बोललीच नसती."

"तुह्या बोलन्यानं माह्या हंड्यात पानी येते का?"

या प्रश्नाला पत्रकात उत्तर नसतं. मागच्या सीटवरून एक म्हातारी वाकली. "पन प्रज्ञा, त्यानं धुतला कसा म्हनतो मी? मोठ्या घरचा मानूस. सांग ना."

मी सांगितलं. पंपाचं, दांड्याचं, वॉल कोन्या बाजूनं ते. म्हातारी हसली, तिच्या शेजारची हसली, कंडक्टर हसला. सुमनमावशी हसली नाही. तिनं सगळ्यांना हसू दिलं आणि मग विचारलं, "झालं हसून? तळ्याचं काय?"

"तळं कोनाचं हाय?" मी म्हटलं.

"सरकारचं."

"मंग गाळ काढाले आपण रिठदले कायले गेलो होतो?"

"तूच नेलं होतं आमाले."

ते खरं होतं. मंगरुळपीरच्या फाट्यावर मावशी म्हणाली, "सोमवारी बसतो मंग तळ्यात. उन्हाचं छत घेऊन येजो."

मशीन येणार नाही. दादांचा निरोप आला की ते उन्हाळाभर दुसऱ्या गावी अडकलं आहे. सरकारनं गाळ काढावा म्हणून सोमवारपासून आम्ही तळ्यात बसलो आहोत, भेगा पडलेल्या गाळावर, चार बांबू आणि एका जुन्या साडीच्या छताखाली. रोज वीस-पंचवीस बाया येतात, कुणी शेंगा फोडतं, कुणी शिवण घेऊन येतं. दुपारी डबे उघडतात. पहिल्या दिवशी तीन जणी आपापला डबा घेऊन जराशा लांब बसल्या. मी पाहिलं, त्यांनीही पाहिलं की मी पाहिलं. काल त्यांतली एक माझ्याजवळ सरकली आणि डब्यातली भाजी माझ्या भाकरीवर घालून म्हणाली, तुह्यातली दे. बाकीच्या दोघी अजून लांबच बसतात.

आम्हीही बसलोच आहोत.